खमिरानं बाळसं धरलं

१

आमच्या सुधाकरची एक खोड मला त्याच्या लहानपणापासून आवडत नाही. हा आधी निकाल देतो आणि मग चौकशी करतो. बरेचदा चौकशी राहूनच जाते. मांजरीनं दूध सांडलं की हा वासराला बडवायचा, कारण वासरू समोर बांधलेलं असायचं. आता तो कॉलेजात प्रोफेसर आहे, डोक्यावरचे केस गेले, हैदराबादेचे मोठे लोक त्याला पत्रं लिहितात, पण खोड तीच. शहाण्णव सालच्या जानेवारीत त्यानं भिवाजी मास्तरांच्या लेकीला, त्याच्याच हाताखाली संशोधन करणाऱ्या भागीरथेला, असंच चोर ठरवलं. तेही माझ्या खाटेशेजारच्या भिंतीपलीकडं, मी तापानं फणफणत पडले असताना.

मुधोळात आमच्या घरामागं दोन खोल्या आहेत. कॉलेजात जागा नाही म्हणून सुधाकरनं आपली प्रयोगशाळा तिथं मांडली. त्याचा नियम असा, की घरातली वस्तू तिकडं जायची नाही आणि तिकडची घरात यायची नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, मला काय कळणार असं त्याला वाटतं. पण तिथं हे लोक पाळतात काय, तर खमीर. पाव फुगवतं ते, ताडीला चढवतं ते. ज्या बाईनं चाळीस वर्षं ज्वारीची आंबील लावली, तिला खमिराचे रुसवेफुगवे शिकवायला हैदराबादेहून कोणी यायची गरज नाही.

त्यांचं काम भागीरथेनं मला एकदा समजावून सांगितलं होतं. समजावलं कसं, तर मी ओसरीवर सरकी निवडत बसले होते, तीही बसून निवडू लागली आणि सांगत गेली. फ्लूचा जो विषाणू असतो, त्याच्या अंगात मोजकीच प्रथिनं. त्यातल्या एकाचं काम पेशीच्या भिंतीला दार पाडायचं. अख्खा विषाणू पाळणं धोक्याचं, म्हणून त्या एका प्रथिनाची कृती तेवढी खमिराच्या पोटात ठेवून द्यायची, जशी आपण लोणच्याची कृती डब्यात ठेवतो. मग खमिराला एक खास साखर चारायची. तिचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. दुधातून निघते म्हणून मी तिला दूधसाखर म्हणते. ती मिळाली की खमीर ती कृती उघडतं, आपल्याच भिंतीला दारं पाडतं आणि रोडावतं. घरातली साधी साखर मिळाली तर कृतीकडं ढुंकून बघत नाही, मजेत खातं आणि वाढतं. भागीरथा जंगलातल्या सालींचे काढे घालून बघत होती, की कोणत्या काढ्यानं ते दार बंद होतं. दार बंद झालं तर रोडकं खमीर पुन्हा भरेल, आणि मग त्या काढ्यात फ्लूच्या औषधाचं बीज असेल.

गुरुवारी तिच्या एका काढ्याच्या चंबूत खमीर अंगानं भरलं. पोरीचा आनंद भिंतीतून मला ऐकू आला. शुक्रवारी सुधाकरनं शेजारचा चंबू उचलला, ज्यात काढा घातलाच नव्हता. तिथं ते रोडावायला हवं होतं, पण तिथंही खमीर तसंच गुटगुटीत.

"हे खमीर आपलं नाहीच," तो म्हणाला. "कपाटातलं काढून तू साधं आणून घातलंस. तुझा काढा लागू पडला हे दाखवायला."

ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. चपला वाजल्या, त्याही हळू. मग सुधाकर त्याच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, खुशालला, सांगत होता की सोमवारच्या टपालानं हैदराबादच्या मोठ्या संस्थेला पत्र जाईल, भागीरथेचं नाव कमी करा म्हणून. नाव कमी झालं म्हणजे तिचं संशोधन संपलं, आणि लबाडीचा शिक्का घेऊन ती कोणत्या दारात उभी राहणार होती?

बेण्याचं खमीर कुलपाच्या कपाटात असतं. किल्ल्या दोनच. एक सुधाकरच्या कमरेला, दुसरी भागीरथेच्या पर्समध्ये.

२

तापात दुपार लांबते. खिडकीतून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगायचे, वर जायचे, थांबायचे, जणू त्यांनाही कुठं जायचं ते आठवत नव्हतं. गोदेकडून सकाळी येणारं धुकं दुपारपर्यंत माझ्या डोळ्यांत राहायचं. भिंतीपलीकडं कुकर शिट्टी द्यायचा आणि मला वाटायचं, माहेरी आई भात शिजवून राह्यली.

त्या दुपारी मला एक घर दिसलं. पांढऱ्या लुगड्यातल्या शेकडो बाया, गोल गोल, प्रत्येकीच्या कमरेला एक कळी फुटलेली, पोर कडेवर घ्यावं तशी. भागीरथेनं काचेतून एकदा मला खमीर दाखवलं होतं, ते असंच दिसतं. त्या बाया हसत होत्या आणि गाल वर आलेले. मी म्हटलं, तुम्ही कोण गं, कुठून आल्या? त्यातली एक म्हणाली, "आमी कुठून येणार माय, आमी इथल्याच." आणि ती पुन्हा जेवायला बसली.

जाग आली तेव्हा पायथ्याशी खुशाल बसला होता. आजारी माणसाला भेटायला यायचं म्हणून आला होता. हातात संत्री. हा नेरडीगोंड्याचा, भागीरथेबरोबरच काम करतो. तिची जागा मोकळी झाली तर पुढच्या कामाला हैदराबादला हाच जाणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. बोलणं मोठं गोड. संत्री मात्र आंबट निघाली. मला उलटं चाललं असतं.

मी त्याला विचारलं, खमीर कोणी बदललं असेल. तो म्हणाला, त्याला कसं ठाऊक, किल्ली त्याच्याकडं नाही. मग मी विचारलं, भागीरथा कशी दिसत होती. तो जरा वेळ संत्र्याचं साल खुडत बसला.

"खरं सांगू, माय? सरांनी दुसरा चंबू उचलला तवा तिलेच आदी नवल वाटलं. लबाडी करणारी बिनऔषधाचा चंबू तसाच काऊन ठेवंल?"

"हे तू सुधाकरले सांगितलं?"

त्यानं सांगितलं नव्हतं. सांगून त्याचा काय फायदा होता?

पण मला त्याच्या त्या बोलण्यापेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. सगळी माणसं कपाटाकडं बघत होती, कारण कपाटाला कुलूप होतं. माणूस चोरी शोधायला कुलपाकडं जातो. ज्या फळीवर खमिराचं खाणं असतं तिला कुलूप नव्हतं, म्हणून तिकडं कोणी बघितलंच नाही.

३

शनिवारी नागनाथ आला. हा प्रयोगशाळेतला शिपाई, बाटल्या धुतो आणि झाडलोट करतो. मी त्याच्यावर नेहमी चिडते, कारण तो कोपरे सोडून झाडतो. त्या आठवड्यात मी खिडकीतून बघितलं होतं की त्याच्या फळीवर एका जागी मुंग्यांची रांग लागलीय, आणि त्याला ओरडले होते. तेच धरून मी पुन्हा सुरू केलं. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

त्याचं काम असं. दर शनिवारी तो तपकिरी काचेच्या सहा बाटल्यांत दूधसाखर तोलून घालतो, निळ्या पेनानं चिठ्ठी चिकटवतो, झाकण घट्ट लावतो आणि फळीवर ठेवतो. ज्याला खाणं करायचं असेल त्यानं एक बाटली उचलायची, क्षारांचं पाणी ओतायचं आणि जंतू मारायला कुकरला लावायची. मंगळवारी भागीरथेच्या खमिरासाठी खाणं खुद्द सुधाकरनं केलं होतं, कारण ती तिकडं चंबू धूत होती.

"म्हणजे सहातली एक गेली," मी म्हटलं. "राह्यल्या पाच."

नागनाथ कपाळ पुसू लागला. जानेवारीत कोणाला घाम येतो?

"बाई, सरांना सांगू नका. आज मी मोजल्या. फळीवर साच हायेत. म्या आदल्या शनवारी सातच भरल्या असतील. दूधसाखर लई महाग हाय, माझी नोकरी जाईल."

"तू सात भरल्या होत्या का, सहा?"

"सा. पन मंग सातवी कुठून आली?"

मला ताप होता, पण सहातून एक गेल्यावर सहा उरत नाहीत, हे दुसरीच्या पुस्तकात होतं.

४

संध्याकाळी मी विमलला, म्हणजे सुनेला, भागीरथेकडं पाठवलं. पोरगी आली. डोळे सुजलेले, पण वेणी घट्ट घातलेली. मला ते आवडलं. रडावं, पण केस मोकळे सोडून रडू नये.

तिनं सरळ सांगितलं की तिनं काही बदललं नाही. "मले सरांनी विचारलंच नाई, माय. विचारलं असतं तं मी सांगितलं असतं का मलेही समजून नाई राह्यलं."

मी तिला माझं स्वप्न सांगितलं. ती पहिल्यांदा हसली, मग हसायची थांबली.

मी म्हटलं, "हे बघ. पोरगी बाळंतपणाला माहेरी गेली का तिचे गाल भरतात. सासरी आली का पुन्ना उतरतात. आता सासू जर म्हणेल का ही माझी सूनच नाई, माहेरच्यांनी दुसरीच धाडली, तं तिले काय सांगशील?"

"पुन्ना सासरचं जेवू घाला, म्हणीन. मग दिसंल."

"मग घाल."

तिला शुक्रवारपासून प्रयोगशाळेत यायची बंदी होती. म्हणून मी खुशालला बोलावलं. त्याला सांगितलं की ते गुटगुटीत खमीर थेंबभर घे आणि नागनाथच्या निळ्या चिठ्ठीच्या बाटलीतून नवं खाणं करून त्यात सोड. खमीर बदललेलं असेल तर दूधसाखरेवरही गुटगुटीत राहील, कारण त्याच्या पोटात ती कृतीच नसेल. आपलंच असेल तर रोडावेल.

 खमीर रोडावलं तर खुशालचं हैदराबाद बुडणार, हे मी त्याला सांगायची गरज नव्हती. भागीरथा त्याच्याकडं बघतही नव्हती, भिंतीवरच्या पालीकडं बघत होती. शेवटी त्यानं बाह्या सारल्या आणि तो गेला. जाताना मी त्याला म्हटलं, मंगळवारी सुधाकरनं वापरलेली ती रिकामी बाटली मला आणून दे.

बाटली आणली. तिच्यावर चिठ्ठी होती, पण शाई हिरवी. हिरव्या शाईचं पेन आमच्या घरात एकच माणूस वापरतो. बासरला सरस्वतीपुढं मी त्याचं बोट धरून तांदळात पहिलं अक्षर काढलं होतं. मला वाचता येवो न येवो, त्याच्या हाताचं वळण मी ओळखते.

नागनाथनं चिठ्ठी न लावलेल्या बाटलीला सुधाकरनं चिठ्ठी लावली होती. पण आत काय होतं?

५

रविवारी पहाटे ताप उतरला. घाम येऊन अंग पिसासारखं झालं, आणि आठ दिवसांनी नाक मोकळं झालं. ज्याला फ्लू झाला असेल त्यालाच कळेल, की वास परत येतो तेव्हा जग दुसऱ्यांदा जन्मतं. आधी शेणाचा वास आला, मग ओल्या ज्वारीचा. मग अगदी जवळून, उशाशी, मोहाच्या बियांच्या तेलाचा.

मी उठून बसले. उशाशी ती तपकिरी बाटली होती. झाकण काढून हुंगलं. झाकणाच्या आतल्या चकतीला वास धरून राहिला होता, कुकरनंही गेला नव्हता.

आता माझी गोष्ट सांगते. मी लपवत नाही. पंधरा दिवसांपूर्वी सखूबाईचे गुडघे धरलेत असं कळलं. सखूबाई म्हणजे भागीरथेची माय. आमच्याकडं मोहाचं तेल होतं, पण सांडणार नाही अशी बाटली नव्हती. नागनाथनं धुऊन उन्हात ठेवलेल्यातली एक मी उचलली. सुधाकरचा नियम मोडणारी मीच. तेल विमलच्या हातानं पाठवलं. गेल्या सोमवारी विमलनं बाटली परत आणली, फडक्यात गुंडाळलेली. मी तापात होते. म्हटलं, जिथली आहे तिथं ठेवून दे. उघडून बघितली नाही.

ताप होता हे खरं. पण ताप नसता तर उघडली असती का, हे मी देवासमोरही छातीठोक सांगणार नाही. माझ्या सासूच्या काळी भिवाजीचा बाप आमच्या शेतात राबायचा. त्याला ताक वरून ओंजळीत ओतायचे. आमचं भांडं त्यांच्या घरी गेलं नाही. जे गेलं नाही ते परत काय येणार? भिवाजी शिकला, बुद्धाचा झाला, मास्तर झाला, माझ्या नातवांना त्यानंच पाढे शिकवले. तरी आमच्या घरातून त्यांच्या घरी गेलेलं पहिलं भांडं म्हणजे ही बाटली.

दहाच्या सुमाराला सखूबाई आली. गुडघे धरत, पण आली. पोरीवर एवढं कोसळलं असताना ही बाई माझ्या तापाची विचारपूस करायला आली. बाहेरच बसू लागली, मी आत खाटेवर बसवलं. तेलानं उतार पडला म्हणाली. भागीरथेचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही. धुकं अंगणात शिरलं होतं.

उठताना ती म्हणाली, "बाटली पोचली ना, देवकाबाई?"

"पोचली."

"राख लावून, रिठ्यानं घासून, दोन दिस उन्हात वाळवली. तेलाचा थेंब ठेवला नाई." मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता, "आन रिकामी नव्हती धाडली."

कोणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत करू नये, ही आपली रीत. चिमूटभर का होईना, काही गोड घालून द्यावं. ती रीत मी सगळ्या मुधोळाला शिकवते. तिच्याकडून मला ती अपेक्षित नव्हती, एवढाच माझा शहाणपणा.

"काय घातलं होतं, सखूबाई?"

"आमी काय घालणार. पसाभर साखर."

तेवढ्यात खुशाल दारात आला. हातात चंबू. आतलं पाणी जवळजवळ नितळ होतं. खमीर रोडावलं होतं.

६

सोमवारी सकाळी सुधाकर पत्र घेऊन निघाला. मी प्रयोगशाळेच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बसले होते. खुशाल, नागनाथ आणि विमल आत उभे होते. भागीरथा अंगणात, कारण बंदी उठली नव्हती.

तो म्हणाला, माय, तू आजारी आहेस, आत जा. मी म्हटलं, बस. तो बसला नाही, पण थांबला.

मी एकेक सांगत गेले. सहा भरलेल्या, एक वापरलेली, तरी सहा उरलेल्या. हिरव्या शाईची चिठ्ठी. झाकणातला तेलाचा वास. फळीवर मुंग्या लागल्या त्या नागनाथच्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांना नाही, सखूबाईकडून आलेल्या बाटलीच्या गळ्याला चिकटलेल्या दाण्यांना. सोमवारी विमलनं ही फळीवर ठेवली. मंगळवारी सुधाकरनं घाईत हात घातला, तपकिरी काचेत पांढरे दाणे दिसले. चिठ्ठी नाही, तर गळून पडली असेल असं समजून स्वतः लिहून लावली. पाणी ओतलं, कुकर लावला. खमिराला दूधसाखरेच्या जागी सखूबाईच्या घरची साधी साखर मिळाली. त्यानं कृती उघडलीच नाही. भिंतीला दारं पडली नाहीत. खाल्लं आणि बाळसं धरलं. औषध घातलेलं काय, बिनऔषधाचं काय, दोन्ही चंबू त्याच बाटलीतले.

"हे सिद्ध कशावरून?" सुधाकर म्हणाला. आवाज प्रोफेसराचाच, पण अर्धा.

खुशालनं रोडकं खमीर त्याच्यापुढं ठेवलं. शनिवारी कोणतं खमीर घेतलं, कोणत्या चिठ्ठीच्या बाटलीतलं खाणं, ते सांगितलं. मग विचारलं नसतानाही म्हणाला, "सर, शुक्रवारीच मी बोलायला पायजे होतं."

सुधाकरनं चंबू उजेडाकडं धरला. तिरपं ऊन त्यातून माझ्या पदरावर पडलं, फिकट, पाण्यासारखं हलणारं. तो तसाच उभा राहिला. लहानपणी वासराला मारल्यावर, खरं कळल्यावर, गोठ्यात जाऊन असाच उभा राहायचा. पाठ फिरवून.

"मग तिचा काढा?" शेवटी तो म्हणाला.

"काढ्याचं काई समजलंच नाई अजून," अंगणातून भागीरथा म्हणाली. "पुन्ना करा लागंल, सर. नव्या बाटलीतून."

 नागनाथ कोपरा झाडू लागला, जो त्यानं वर्षभर झाडला नव्हता. सुधाकरनं हातातलं पत्र खिशात घालायला दुमडलं. मी हात पुढं केला. त्यानं ते माझ्या हातात दिलं. मी त्याचे चार तुकडे केले, ते विमलच्या हाती चुलीसाठी दिले आणि पदराखालून ती तपकिरी बाटली काढली.

"सुधाकर, ऐक. नियम मोडला मी, ती माझी चूक. बाटली उघडून नाई बघितली, तीही माझी, आन ती माझी मी सखूबाईच्या पाया पडून निस्तरीन. पण साखर तू घातली, चिठ्ठी तू लिवली, आन चोर तिले म्हणलं, काऊन तं ती समोर होती. त्या घरानं आपल्या भांड्यात साखर घातली आन तू त्या साखरेचंच पाप केलं. आता त्याच हिरव्या पेनानं कागद लिही, का चूक माझी होती, पोरीची नाई, आन खाली सही कर. कागद या बाटलीत घाल, आन हैदराबादले दुसरं पत्र धाडायच्या आदी भिवाजी मास्तरांच्या घरी तू सोता पायी घेऊन जा. आपल्या घरातून त्यांच्या घरी भांडं रिकामं जाणार नाई."